सरकारी कीटकशास्त्रज्ञाचे दफ्तर

आपल्या जुन्या ग्रंथकारांनी राष्ट्रावर कोसळणाऱ्या सहा ईति सांगितल्या आहेत: अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सीमेवर तळ देऊन बसलेला परराजा. टोळाला राजाच्या पंक्तीस बसविताना त्यांनी काही अतिशयोक्ती केली होती असे, ज्याने भरल्या शेतावर टोळधाड उतरताना एकदा तरी पाहिली आहे तो म्हणणार नाही. मराठी अमदानीत असे अस्मानी संकट आले म्हणजे पाटील-कुळकर्णी शिवाराची पाहणी करीत, कमाविसदाराकडे अर्ज जाई, आणि पीक कितपत बुडाले हे पाहून साऱ्यात सूट किंवा तहकुबी मिळे. पुढे इंग्रजी अंमल आला, कमाविसदाराच्या जागी मामलेदार व कलेक्टर बसले, आणेवारीचे तक्ते आले, पण कागदांचा आशय तोच राहिला. या सगळ्या दप्तरांत पीक किती गेले याची नोंद बारकाईने सापडते. मात्र ते खाणारा जीव जन्मतो कोठे, अंडी कधी घालतो, किती दिवस जगतो आणि पीक उभे नसते तेव्हा कोठे दडून बसतो, याविषयी एक ओळही त्यांत मिळत नाही. नुकसान दप्तरी दाखल होत होते आणि नुकसान करणारा मोकळा सुटत होता.

त्या अपराध्याचीच नोंद ठेवण्यासाठी हिंदुस्थान सरकारने जो अधिकारी नेमला, त्याच्या पदाची आणि विशेषतः त्या पदावर बसलेल्या एका मनुष्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

या कामाचा आरंभ कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये झाला. ई. सी. कोट्स नावाचे गृहस्थ तेथील कीटकसंग्रहाची व्यवस्था पाहात असत, आणि १८८९ पासून त्या संस्थेने ‘इंडियन म्युझियम नोट्स’ या नावाची एक पुस्तिकामाला सुरू केली. चहामळ्यांचे व्यवस्थापक, जंगलखात्याचे अंमलदार, जिल्ह्याजिल्ह्यांतील कलेक्टर यांनी पिकावर किंवा झाडावर सापडलेले किडे टपालाने पाठवावेत, कोट्स यांनी ते ओळखून नाव कळवावे आणि जी माहिती हाती लागेल ती छापावी, असा हा क्रम होता. काम उपयुक्त होते यात शंका नाही. परंतु टपालातून येणारा किडा मेलेला असतो, आणि मेलेल्या किड्यावरून त्याचे नाव कळले तरी त्याचे चरित्र कळत नाही. कुळ ओळखता आले म्हणून बंदोबस्त करता येतो असे नाही.

पुढे १८९९-१९०० सालचा दुष्काळ आला, ज्याला संवताच्या आकड्यावरून गुजरातेत आजही छप्पनियाचा दुष्काळ म्हणतात. दख्खन, गुजरात, वऱ्हाड आणि मध्य प्रांत होरपळून निघाल्यावर शेतकीखाते केवळ आकडे गोळा करण्यापुरते असून भागणार नाही ही जाणीव सरकारला झाली, आणि १९०१ मध्ये लायोनेल द निसेव्हिल यांची सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. हे गृहस्थ मूळचे कलकत्त्याच्या स्मॉल कॉज कोर्टातील कारकून. फुलपाखरांचा नाद त्यांना असा जडला की कचेरी सुटल्यावरच्या फावल्या वेळात त्यांनी हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिंहलद्वीप येथील फुलपाखरांवर मोठा ग्रंथ उभा केला. जन्मभर ज्या कामाची आस धरली ते सरकारी काम म्हणून हाती यावे आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मलेरियाने त्यांना गाठावे, हा योग मनाला चटका लावतो. डासाच्या दंशाने मलेरिया होतो हे रोनल्ड रॉस यांनी याच देशात सिद्ध केल्याला त्या वेळी पुरती पाच वर्षेही झाली नव्हती.

त्या रिकाम्या जागेवर १९०३ मध्ये हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे सव्वीस वर्षांचे तरुण आले. केंब्रिजमध्ये शिकलेले आणि १८९९ पासून वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर शेतकीखात्याचे कीटकशास्त्रज्ञ म्हणून राबलेले हे गृहस्थ उसाच्या खोडकिड्याशी झुंजून इकडे आलेले असल्यामुळे, शेतकऱ्याचे पीक आणि संग्राहकाची पेटी यांतील अंतर त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांचा पहिला मुक्काम सुरतेस होता, म्हणजे मुंबई इलाख्यात, आणि येताच त्यांच्यापुढे उभा राहिला तो आपल्याच मुलखातील टोळ.

या टोळाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण लेफ्रॉय यांच्या कामाची रीत येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे दिसत नाही. टोळधाड म्हटली की सामान्यतः मनात येतो तो वाळवंटी टोळ. राजपुताना, सिंध, बलुचिस्तान आणि त्यापलीकडे थेट अरबस्तानपर्यंतच्या रेताड प्रदेशांत तो वाढतो आणि थव्यांनी सुपीक मुलखावर येतो. मुंबई इलाख्यात १९०१ पासून सात-आठ वर्षे ज्याने उच्छाद मांडला तो टोळ मात्र निराळ्या जातीचा होता, आणि कीटकशास्त्रात त्याला ‘बॉम्बे लोकस्ट’ हेच नाव रूढ झाले. तो परमुलखातून येत नाही. सह्याद्रीच्या जंगलात तो हिवाळा काढतो. उन्हाळ्याच्या सुमारास थवे घाट सोडून देशावर, खानदेशात, गुजरातेत पसरतात. मृगाचा पाऊस पडून जमीन मऊ झाली की थवे मोडून माद्या जागोजाग मातीत पोट खुपसून फेसाच्या वेष्टणात अंड्यांचा पुंजका घालतात, आणि मग आदली पिढी संपते. पावसाळ्यात गवतात वाढणारी हिरवट पिल्ले वाळवंटी टोळाच्या पिल्लांसारखी फौज करून चालत निघत नाहीत, विखरून राहतात, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांना पंख फुटतात, ती एकत्र जमतात, थंडी पडू लागली की पुन्हा घाटाची वाट धरतात, आणि तेथे त्यांच्या अंगावर तांबूस रंग चढतो. वर्षाला एक पिढी, ती अशी, आणि तिचे सगळे वर्ष आपल्याच इलाख्याच्या हद्दीत व आसपास जाते.

एवढे वाचल्यावर हे काही फार मोठे संशोधन नव्हे असे एखाद्याला वाटेल. परंतु हा वर्षक्रम नक्की ठरण्यापूर्वी काय होत होते ते पाहावे. थवा दिसला की शेतकऱ्यांनी डबे, थाळ्या वाजवाव्यात, धूर करावा, पांढरी फडकी हालवावीत, आणि आपल्या शेतातून उठविलेला टोळ शेजाऱ्याच्या शेतात बसावा! ज्या वेळी टोळ सर्वांत जास्त दिसतो, त्याच वेळी त्याच्यावर उपाय सर्वांत कमी चालतो. आणि जुलै-ऑगस्टात, जेव्हा बिनपंखाची पिल्ले बांधावरच्या गवतात असतात आणि चौकटीला शिवलेली कापडी झोळी दोघांनी धरून गवतावरून ओढली तरी शेकड्यांनी सापडतात, तेव्हा टोळ गेले असे समजून सगळे स्वस्थ बसतात. उपायाची वेळ कोणती हे किड्याच्या चरित्रातून निघते, आणि ती वेळ साधली तर उपाय अगदी साधा, हाताने करण्याजोगा असतो. मिळेल तेवढ्या पुराव्यावरून मी म्हणेन की लेफ्रॉय यांच्या हिंदुस्थानातील सगळ्या कामाचा कणा हाच होता. या टोळावर त्यांनी जो प्रबंध लिहिला तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि हिंदी शेतकीखात्याच्या कीटकशास्त्रीय प्रबंधमालेतील पहिला क्रमांक त्याचा आहे.

दरम्यान बिहारात दरभंगा जिल्ह्यातील पुसा या गावी, जेथे पूर्वी सरकारी घोड्यांची पैदास होत असे त्या जागेवर, शेतकी संशोधनाची मध्यवर्ती संस्था उभी राहात होती. हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाने लॉर्ड कर्झन यांच्याकडे तीस हजार पौंडांची देणगी दिली होती. तिच्यातून ही कल्पना साकार झाली आणि १ एप्रिल १९०५ रोजी कर्झन यांच्याच हस्ते कोनशिला बसली. लेफ्रॉय सुरतेहून पुशास गेले. तेथे त्यांनी बसविलेली रीत अशी होती की शेतात सापडलेली अळी टाचणीला टोचण्याची घाई करावयाची नाही. ती जिवंत आणावयाची, काचेच्या नळकांड्यात त्याच पिकाचा पाला घालून, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून ठेवावयाची, आणि ती कात किती वेळा टाकते, कोषात कधी जाते, कोषातून पतंग निघतो की भुंगेरा, की तिला आतून पोखरून मारणारी एखादी गांधीलमाशीच्या जातीची चिमुकली माशी, हे तारीखवार टिपावयाचे. हिंदी चित्रकार शेजारी बसून तिची प्रत्येक अवस्था रंगवीत. त्यातून १९०६ मध्ये पिकांच्या किडींवरील त्यांचे पुस्तक आणि १९०९ मध्ये मैदानी मुलखातील कीटकसृष्टीवरचा ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ हा सुमारे आठशे पृष्ठांचा ग्रंथ निर्माण झाला. या दुसऱ्या ग्रंथातील रंगीत पाने आजही पाहात राहावे अशी आहेत.

कपाशीवरील ठिपक्यांच्या बोंडअळीचे उदाहरण आपल्याकडील वाचकाला जवळचे वाटेल. १९०५ मध्ये पंजाब व सिंध येथील कापूस या अळीने खाऊन टाकला. ही अळी प्रथम कोवळा शेंडा पोखरते, मग पाते, मग बोंड. आणि कपाशी नसते तेव्हा ती कपाशीच्याच कुळातील भेंडीवर दिवस काढते. तेव्हा भेंडी हाच तिचा सापळा करावा, कपाशीत भेंडीच्या ओळी लावाव्यात, अळी तिकडे ओढली गेली म्हणजे शेंगा तोडून नष्ट कराव्यात, हा उपाय तिच्या चरित्रातून आपोआप पुढे आला. मात्र शेंगा वेळेवर तोडल्या नाहीत तर तो सापळा न राहता अळीचे पाळणाघर होते, म्हणून येथेही सगळी मदार दिवस मोजण्यावरच होती. या अळीला मारणाऱ्या एका चिमुकल्या माशीला पुढे शास्त्रज्ञांनी लेफ्रॉय यांचेच नाव दिले. औषधेही त्यांनी केली. खनिज तेलाचे साबणमिश्रित पायस आणि शिशाचे एक विषारी लवण त्यांनी प्रचारात आणले. पण ज्या रयतेच्या घरी साऱ्याचा हप्ता भरण्याची मारामार, तिने विलायती औषध आणि पिचकारी कोठून आणावी, हे ते जाणून होते, आणि त्यांच्या पुस्तकात हाताने करावयाच्या उपायांना मानाचे स्थान आहे.

या ठिकाणी आमच्या कृष्णाकाठची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडून गेला की दिवेलागणीच्या वेळी उसाच्या रानाकडेच्या कडुलिंबावर आणि बाभळीवर खसखस असा आवाज सुरू होतो. हा हुमणीचा भुंगेरा. बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, पायांनी बोटाला घट्ट धरणारा. वर्षभर जमिनीत असलेला हा जीव पावसाचा ओलावा लागताच वर येतो, रात्रभर पाला खातो, जोडीदार गाठतो आणि पहाटेला पुन्हा मातीत शिरून अंडी घालतो. श्रावण-भाद्रपदात जी पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी उसाची मुळे कुरतडते आणि हिरवागार दिसणारा ऊस हाताने ओढला की गवतासारखा उपटून येतो, ती याचीच. लहानपणी आम्ही मुले कंदील घेऊन झाडाखाली जात असू. मोठी माणसे आकडीने फांद्या हालवीत आणि पटापट पडणारे भुंगेरे आम्ही रॉकेल घातलेल्या पाण्याच्या डब्यात टाकत असू. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात हे केले तर त्या वर्षी हुमणी कमी दिसे. एकट्यादुकट्याने केले तर काही उपयोग होत नसे. पुशाच्या प्रयोगशाळेत जे ज्ञान काचेच्या नळकांड्यात सिद्ध झाले, त्याचा एक धागा आमच्या म्हाताऱ्यांच्या हाती पूर्वीच होता.

लेफ्रॉय यांच्या सहकाऱ्यांपैकी ज्या मंडळींनी हा धागा उचलला ते बहुतेक हिंदी साहाय्यक होते. घोष, मिश्र यांच्यासारखी माणसे गावोगाव हिंडून कीड वेचीत, रयतेशी तिच्या भाषेत बोलत, तिने दिलेले नाव लिहून घेत. आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात रामराव कासरगोड हे कीटकशास्त्र शिकवीत आणि पुशाच्या परिषदांना जात. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांची नावे आली नाहीत. सरकारी खात्याची शिस्त तशी होती हे खरे. तरी ज्याच्या पायांना चिखल लागला त्याचे नाव बारीक टाइपात जावे, हा अन्यायच होय.

१९१२ मध्ये लेफ्रॉय स्वदेशी परतले आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात सरकारने त्यांना रेशीमधंद्याच्या पाहणीसाठी पुन्हा हिंदुस्थानात धाडले, मेसोपोटेमियात लष्कराला सतावणाऱ्या माश्यांसाठी पाठविले, आणि जहाजांच्या टंचाईमुळे ऑस्ट्रेलियात पडून राहिलेल्या गव्हाच्या थप्प्यांना सोंडे लागले तेव्हा तिकडेही रवाना केले. परंतु त्यांचे नाव इंग्लंडात घरोघर गेले ते एका भुंगेऱ्यामुळे.

लंडनचा वेस्टमिन्स्टर हॉल दोनशे चाळीस फूट लांब आणि सुमारे अडुसष्ट फूट रुंद असून त्यावरचे ओक लाकडाचे छत चौदाव्या शतकाच्या अखेरीस राजा दुसरा रिचर्ड याने घातलेले आहे. मध्ये एकही खांब नाही. याच छताखाली पहिल्या चार्ल्सला देहान्ताची शिक्षा झाली, आणि याच छताखाली १७८८ पासून सात वर्षे वॉरन हेस्टिंग्जचा खटला चालला, ज्यात काशीचा राजा चेतसिंग आणि अयोध्येच्या बेगमा यांच्यावरील जुलमांचा पाढा वाचला गेला. १९१३-१४ मध्ये सरकारी इमारतखात्याचे फ्रँक बेन्स यांनी पराती बांधून छताची तपासणी केली, तेव्हा वरून अखंड दिसणाऱ्या तुळया आतून इतक्या पोकळ झालेल्या आढळल्या की काही ठिकाणी मनुष्य आत निजू शकेल. हे काम ज्या भुंगेऱ्याचे त्याला इंग्रजीत मरणाची चाहूल देणारा अशा अर्थाचे नाव आहे. लांबी जेमतेम पाव इंच; वसंतात नर-मादी लाकडावर डोके आपटून एकमेकांना खूण देतात, आणि ही टकटक रात्रीच्या निवांत प्रहरी आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना ऐकू येत असल्यामुळे लोकांनी तिचा संबंध मृत्यूशी जोडला. अळी मात्र आवाज करीत नाही. ती लाकडाच्या गाभ्यात पाच-पाच, दहा-दहा वर्षे खात राहते.

बेन्स यांनी लेफ्रॉय यांना बोलाविले. या वेळी कापणीची वेळ बदलणे, सापळा लावणे, झोळी ओढणे यांपैकी काही शक्य नव्हते; पाचशे वर्षांच्या लाकडाच्या पोटात शिरून अळीला मारील आणि लाकडाला धक्का लावणार नाही असे द्रव्यच पाहिजे होते. त्यांनी ते तयार केले. छताला पोलादाचा आधार देऊन दुरुस्तीचे काम पुढे १९२३ पर्यंत चालले, आणि ते छत आज उभे आहे. ही वार्ता पसरल्यावर देवळांचे विश्वस्त, जुन्या वाड्यांचे मालक यांची पत्रे येऊ लागली. एलिझाबेथ ईड्स या साहाय्यिकेच्या मदतीने लंडनच्या हॅटन गार्डन भागात बाटल्या भरून त्यांनी ते औषध विकावयास काढले. कीटकवाचक ग्रीक शब्दावरून योजलेले ‘एन्टोकिल’ हे नाव आधीच कोणी नोंदवून ठेवल्यामुळे त्याच्या सुरुवातीस एक अक्षर जोडून ‘रेन्टोकिल’ केले, आणि १९२५ मध्ये त्या नावाची कंपनी निघाली. जगभर पसरलेली तीच ही कंपनी.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात माश्या मारण्यासाठी एका विषारी वायूवर प्रयोग करीत असता लेफ्रॉय प्रयोगशाळेत बेशुद्ध पडलेले सापडले, आणि चार दिवसांनी, १४ तारखेस, त्यांचा अंत झाला. वय अठ्ठेचाळीस वर्षांचे. सुरतेच्या शेतात टोळाचे महिने मोजणारे लेफ्रॉय मला लंडनच्या औषधकर्त्या लेफ्रॉय यांच्यापेक्षा मोठे वाटतात; त्यांच्या औषधाचे गुण कबूल करूनही मी असे म्हणतो.

पुशास त्यांच्या मागून आलेले टॉमस बेनब्रिग फ्लेचर हे नौदलातील हिशेबखात्यातून आलेले, पतंगांचे व्यासंगी गृहस्थ. १९१५ ते १९२३ या काळात त्यांनी सर्व प्रांतांच्या कीटकशास्त्रज्ञांच्या पाच परिषदा भरविल्या. त्यांच्या वृत्तांतांतून कोणत्या जिल्ह्यात कोणती कीड कोणत्या पिकावर कधी येते याचा तपशील एकत्र झाला. पुढे १९३४ मध्ये हेमसिंग प्रुथी या पदावर आले. त्याच सालच्या १५ जानेवारीस बिहारात प्रचंड भूकंप होऊन पुशाची मुख्य इमारत मोडली. १९३६ मध्ये संस्था दिल्लीस हलविण्यात आली, आणि दिल्लीकरांनी त्या भागाचेच नाव पुसा ठेवले.

कीटकांच्या पेट्याही तिकडे गेल्या, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तो संग्रह ‘नॅशनल पुसा कलेक्शन’ या नावाने सांभाळला जातो. पेटीचे काचेचे झाकण उचलले की आत ओळीने टाचण्या दिसतात. प्रत्येक टाचणीवर एक वाळलेला जीव आणि त्याच्याखाली नखाएवढी चिठ्ठी, तिच्यावर गाव, तारीख, पीक आणि वेचणाऱ्याचे नाव. त्या चिठ्ठीत मावली नाही अशी एक गोष्ट मात्र आपल्या खेड्यांत अजून शिल्लक आहे: हुमणी, तुडतुडे, मावा, लष्करी अळी, खपरा ही पुस्तकात गेलेली नावे सोडून, तालुक्यातालुक्यांत निरनिराळी असलेली किडींची नावे, आणि कोणती कीड कोणत्या नक्षत्रात, कोणत्या वाऱ्यावर येते याविषयीची म्हाताऱ्यांची अनुभवाची बोलणी. ज्यांच्या तोंडी ही आहेत त्यांची पिढी संपत आली आहे. शेतकी शाळांतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एका वहीत ती नावे, गाव आणि तारीख घालून, येत्या पावसाळ्यातच लिहून घ्यावीत.